दाराच्या चिठ्ठ्या

पुणे,
ता. ३ ऑगस्ट १९५६

ती. सौ. सरोजावहिनींच्या सेवेशी,
गुरुराजचा शिरसाष्टांग नमस्कार.

सात वर्षांत पोस्टकार्डापलीकडे ज्याची मजल गेली नाही, त्या धाकट्या दिराचं एवढं जाड पाकीट बघून तुम्ही घाबरला असाल. घाबरू नका. माझं लग्न ठरलेलं नाही आणि नोकरीही सुटलेली नाही. कामासाठी लिहितोय, स्वार्थासाठीच म्हणा ना.

आमच्या कचेरीत इंग्रजी-मराठी शब्दकोश चाललाय हे सुब्बूअण्णानं सांगितलंच असेल. सध्या आम्ही 'डी' या अक्षरात रुतलोय आणि माझ्या वाट्याला 'डोअर' हा शब्द आलाय. वाटला होता सोपा. पण बसलो तर त्याचे चार अर्थ निघाले. एक, भिंतीतली मोकळी जागा. दोन, ती जागा झाकणारं लाकूड. तीन, घर, शेजारच्या दारी म्हणतो ते. चार, वाट, शिक्षणाची दारं उघडली, वगैरे. प्रत्येकाला मराठीत किती शब्द? दार, दरवाजा, कवाड, द्वार, दिंडी, देवडी, फाटक. हे झाले इकडचे. तंजावरच्या आपल्या घरांत तीनशे वर्षांपूर्वीचे शब्द अजून जिवंत आहेत, असं मी सभेत बोलून बसलो. मुख्य संपादक म्हणाले, 'मग आणा.' आता आणणं आलं.

सोबत पन्नास कोऱ्या चिठ्ठ्या आहेत. पाच रकाने. शब्द. ज्या वाक्यात तो आला ते वाक्य. बोलणाऱ्याचं नाव आणि वय. कुठे बसून बोललं ती जागा. तारीख. जागा कशाला, असं मीही विचारलं होतं. संपादकांचं म्हणणं, माणूस चुलीपुढे एक शब्द वापरतो आणि ओट्यावर दुसरा. वाक्य मात्र तोंडातून पडलं तसंच हवं. सुधारायचं नाही, घडवायचं नाही. घडवलेलं वाक्य मला वासावरून कळतं. मग मी लाल पेन्सिलीनं त्यावर 'रद्द' लिहितो. कचेरीत मला रद्दराव म्हणतात.

तुम्हालाच का? कारण आपल्या घरात बाळबोध लिपी सफाईनं लिहिणाऱ्या तुम्ही एकट्या. शिवाय तुमचे वडील सरस्वती महालात पोथ्यांच्या नकला करत. तुम्हाला शिकवायला नको.

शब्द अम्माच्या तोंडचे मिळाले तर सोनं. पण माझ्यासाठी आहेत असं तिला सांगू नका, ती द्यायची नाही. अप्पांचं वर्षश्राद्ध व्हायच्या आत मी इकडे निघालो, तेव्हा ती तिण्णैवर उभी राहून काय म्हणाली ते तुम्ही ऐकलंच आहे. 'ह्या दारांतून गेलास तर परत ह्या दारांत येऊं नको.' मीही कमी नाही. म्हणालो, 'तू स्वतःच्या तोंडानं ये म्हणशील तेव्हाच येईन.' तिनं म्हटलेलं नाही, मी गेलेलो नाही. एका खाणीतले दोन दगड.

अण्णाला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.
आपला,
गुरुराज


तंजावर,
ता. १९ ऑगस्ट १९५६

चि. गुरुराजभावोजींस सरोजाचे अनेक आशीर्वाद.

पाकीट पोचलं. घाबरले होते, खोटं कशाला बोलू. ह्यांना बाळबोध वाचता येत नाही, म्हणून सगळं वाचून सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, 'दाराला इतके शब्द लागतात, म्हणून पुण्याची माणसं घरात यायला इतका वेळ घेतात.' टोमणा मायेचा आहे, समजून घ्या.

अम्मांपासून लपवायचं म्हणालात, ते मला जमलं नाही. मी चिठ्ठी आणि पेन्सिल घेऊन मागे मागे फिरू लागले तेव्हा त्यांनी दुसऱ्याच दिवशी विचारलं, 'काय गो, माझ्या तोंडाकडे काय बघतेस? दात मोजतेस?' मग सांगावं लागलं. त्यांनी एक कोरी चिठ्ठी उलटसुलट करून बघितली. मग म्हणाल्या, 'घरचे शब्द बाजारांत विकतो काय तो? सरी, लिही. शब्दांनीं काय पोट दुखतें?'

अम्मांच्या तोंडच्या तीन चिठ्ठ्या खाली उतरवते, बाकीच्या पाकिटात आहेत.

शब्द: वासल. वाक्य: 'वासलांत कोलम घातलें कीं नाहीं? शेण वाळून गेलें.' बोलणार: चंद्रमतीबाई, वय ६७. जागा: पुढची तिण्णै. ता. ११ ऑगस्ट.

शब्द: दार, कवाड. वाक्य: 'कवाड लागतें. दार कसें लागेल? दार म्हणजे मोकळी जागा.' बोलणार: त्याच. जागा: पुढची तिण्णै. ता. १३ ऑगस्ट.

शब्द: कोल्लैचें दार. वाक्य: 'कोल्लैच्या दाराला कडी घाला, मांजर अस्के दूध पिऊन गेलें.' बोलणार: त्याच. जागा: मधल्या घरातला झोपाळा. ता. १७ ऑगस्ट.

वासल म्हणजे पुढच्या दाराबाहेरची, रांगोळी घालतो ती जागा, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण कचेरीसाठी लिहिलं. कोल्लै म्हणजे परसू, तिण्णै म्हणजे पुढचा ओटा. दुसऱ्या चिठ्ठीतलं अम्मा म्हणतात आणि स्वतःच दिवसातून दहादा 'दार लाव' म्हणतात. ते दाखवून दिलं तर रागावल्या. तो राग चिठ्ठीवर घालायला रकाना नव्हता.

अम्मांची तब्येत वयाप्रमाणे आहे. बाकी क्षेम.

सरोजा


पुणे,
ता. ७ सप्टेंबर १९५६

ती. सौ. वहिनींस सा. न.

वहिनी, तुम्ही मला कचेरीत पालखीत बसवलंत! 'कवाड लागतें, दार कसें लागेल' ही चिठ्ठी संपादकांनी सर्वांना वाचून दाखवली. इंग्रजीतला जो घोटाळा सोडवायला आम्ही महिनाभर डोकी फोडली, तो आमच्या अम्मानं तिण्णैवर बसून निवडलेल्या तांदळासारखा वेगळा करून दिला. संपादकांनी विचारलं, 'या बाई कोण?' मी म्हणालो, 'तंजावरच्या एक जाणत्या बाई.' आई म्हणायचं तोंडावर आलं होतं. का नाही म्हटलं, कोण जाणे.

'अस्के' म्हणजे सगळं, 'सरी' म्हणजे बरं, हे शब्द वाचून जीभ गोड झाली. इथे कोणी म्हणत नाही.

चिठ्ठ्या येऊ द्यात. 'डोअर' जानेवारीत छापखान्यात जाईल. आणि एक विचारतो, उत्तर दिलं नाहीत तरी चालेल. ती कधी माझं नाव काढते का?

गुरुराज


तंजावर,
ता. २८ ऑक्टोबर १९५६

चि. गुरुराजभावोजींस अनेक आशीर्वाद.

मधे दीड महिना पत्र नाही. नवरात्र होतं, गोलूच्या बाहुल्यांसाठी पायऱ्या मांडायच्या होत्या, आणि घरात इतरही कामं होती. यंदा बाहुल्या मी एकटीनं मांडल्या.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर खालच्या चिठ्ठीत आहे. ही एकच चिठ्ठी पाठवते. तिच्याविषयी मी पत्रात काही लिहीत नाही. मला तशी मुभा नाही. पण ती नीट वाचा, भावोजी.

शब्द: दार. वाक्य: 'गुरू, दार उघडें आहे. आतां ये.' बोलणार: चंद्रमतीबाई, वय ६७. जागा: मधलं घर, भिंतीला टेकून. ता. २४ ऑक्टोबर.

सरोजा


पुणे,
ता. ६ नोव्हेंबर १९५६

ती. सौ. वहिनींस सा. न.

तुमची चिठ्ठी मिळाली. रागावून लिहीत नाही, पण लिहिणं भाग आहे.

ते वाक्य अम्माचं नाही. असं ती बोलणारच नाही. तुम्ही तिला एकोणीस वर्षं ओळखता, मी जन्मापासून ओळखतो. अप्पा गेले तेव्हासुद्धा 'बस' म्हणाली नाही ती मला, 'उभा कां?' म्हणाली. तिच्या तोंडी इतकं सरळ, इतकं मऊ वाक्य? शिवाय तुम्हाला 'दार' हवं होतं आणि वाक्यात नेमकं दारच आलं. घडवलेल्या वाक्याची हीच खूण असते. मी दिवसाला दोनशे चिठ्ठ्या बघतो.

तुमचा हेतू कळतो. मायलेकांची समजूत पडावी म्हणून तुम्ही तिच्या तोंडी चार शब्द घातलेत. मी कधी येणार म्हणून अण्णाही अडून अडून विचारतोच. पण वहिनी, मी तुमच्यावर विश्वास टाकला होता तो चिठ्ठीवर. चिठ्ठीवर तरी खोटं नको होतं.

आणि लपवत नाही, ती वाचून मी टेबलावरून उठलो आणि थेट स्टेशनावर गेलो. तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढे दोन माणसं उरली होती. तेव्हा डोक्यात आलं: मी तिकडे दारात जाऊन उभा राहिलो आणि ती म्हणाली, 'तुला बोलावलें कुणीं?' तर? मग मी कुठे बघू? रांगेतून बाहेर पडलो आणि कचेरीत येऊन चिठ्ठीवर 'रद्द' लिहिलं.

या विषयावर पुन्हा नको. शब्द मात्र पाठवत राहा, सहज बोललेले.

गुरुराज


तंजावर,
ता. २० नोव्हेंबर १९५६

चि. गुरुराजभावोजींस,

आशीर्वाद देते, तो द्यायचा असतो म्हणून.

माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं पोथ्या उतरवल्या. मूळ पोथीत चूक असली तर ती चूकसुद्धा तशीच उतरवायची, ही त्यांची शिस्त. मक्षिकास्थाने मक्षिका, म्हणून लोक त्यांना हसत. माझ्या नवव्या वर्षी मी एका ओळीत आपल्या मतानं एक अनुस्वार घातला, तेव्हा त्यांनी सबंध पान मला पुन्हा लिहायला लावलं. त्या माणसाच्या मुलीला तुम्ही खोटं लिहिणारी म्हणालात. मी दोन दिवस जेवले नाही. हे लिहिणार नव्हते, पण आता लिहून गेलं. खोडत नाही.

चिठ्ठीवरचं वाक्य खरं की खोटं, यावर मी वाद घालणार नाही. घालता येत नाही.

तुमचं पाकीट आलं तेव्हा अम्मांनी विचारलं, 'काय लिहितो?' मी सांगितलं. काय सांगितलं ते मला विचारू नका.

पुढच्या चिठ्ठ्या जोडल्या आहेत. त्याही रद्द करायच्या तर करा. पण भावोजी, हात जोडून सांगते, शब्दाखाली रेघ मारून थांबू नका. पाचही रकाने वाचा.

शब्द: वासल. वाक्य: 'पोंगलाच्या आधीं वासलाच्या भिंतीला चुना काढा. माणसें येतील.' बोलणार: चंद्रमतीबाई, वय ६७. जागा: खाटेवरून. ता. १५ नोव्हेंबर.

शब्द: उंबरा. वाक्य: 'उंबऱ्याला हळद लावा. आज शुक्रवार, मला उठवत नाहीं.' बोलणार: त्याच. जागा: खाटेवरून. ता. १६ नोव्हेंबर.

सरोजा


पुणे,
ता. १० डिसेंबर १९५६

ती. सौ. वहिनींस सा. न.

तुमच्या पत्रानं खजील झालो. शब्द जास्त कडक गेले असतील तर क्षमा करा. माझं मत मात्र बदललेलं नाही. आपण दोघंही त्या चिठ्ठीचं नाव काढू नये हे बरं.

'उंबरा' आणि 'वासल' दोन्ही घेतले. 'वासल' तमिळ म्हणून गाळावा असं संपादकांचं म्हणणं होतं. मी दोन तास भांडलो आणि ठेवायला लावला. तेवढ्या भांडणात मला आपलं घर दिसत होतं.

आता 'डोअर' बंद झालं बघा. यापुढे दाराची चिठ्ठी नको. मला 'डस्ट'साठी शब्द हवेत: धूळ, धुरळा, केर, फुफाटा, तिकडचं जे असेल ते. घर झाडताना पुष्कळ सापडेल.

गुरुराज


तंजावर,
ता. २६ डिसेंबर १९५६

चि. गुरुराजभावोजींस अनेक आशीर्वाद.

पोंगलसाठी घर झाडतोच आहोत, धूळ पुष्कळ निघते. पण अम्मा धुळीचं काही बोलत नाहीत. त्या दाराचंच बोलतात. तुम्ही बंद केलंत तरी त्या जे बोलतात तेच मला लिहावं लागणार.

वासलाला चुना काढून झाला. ह्यांनी स्वतः काढला, सुट्टी घेऊन.

चिठ्ठ्या सहा आहेत, पाकिटात. वाचा.

सरोजा


[पाकिटात पत्र नाही. एकच चिठ्ठी.]

शब्द: (रिकामा)
वाक्य: (बोलल्या नाहीत. डावा हात दाराकडे केला.)
बोलणार: चंद्रमतीबाई, वय ६७.
जागा: खाटेवरून.
ता. ७ जानेवारी १९५७.


[तार. पुणे, ता. ११ जानेवारी १९५७]

निघालो. चौदाला सकाळी पोचतो. अम्माला सांगा. गुरू


पुणे,
ता. २२ फेब्रुवारी १९५७

ती. सौ. वहिनींच्या सेवेशी शिरसाष्टांग नमस्कार.

सुखरूप पोचलो. तेराव्यानंतर तुम्ही बांधून दिलेली शिदोरी मद्रासपर्यंत पुरली. स्टेशनावर अण्णाला नमस्कार करायचाही राहिला. त्याला माझा नमस्कार सांगा.

तिकडे असताना तुमच्यापाशी दहादा विषय काढायचा ठरवलं आणि दहादा विहिरीवर पाणी काढायला गेलो. लिहिणं सोपं पडतं मला. म्हणून लिहितो.

अकरा जानेवारीला तुमची रिकामी चिठ्ठी आली. शब्द नाही, वाक्य नाही. आमच्या नियमानं ती चिठ्ठीच नव्हे. लाल पेन्सिल उचलली आणि 'र' काढला. तेवढ्यात 'डावा हात' दिसला. अम्मा डाव्या हातानं कुणाला पाणी द्यायची नाही. डाव्या हातानं तिनं कुणाला बोलावलं, तर तिचा उजवा हात तिचा राहिलेला नाही. आणि मग दुसरी गोष्ट. वाक्य घडवणारं माणूस रिकामी चिठ्ठी कशाला पाठवेल? ज्या बाईला खोटं लिहायचंय, तिला त्या दिवशी काहीही लिहिता आलं असतं. तुम्ही 'बोलल्या नाहीत' असं लिहिलंत. म्हणजे जेव्हा बोलल्या असं लिहिलं होतंत, तेव्हा त्या बोलल्या होत्या.

मी सगळ्या चिठ्ठ्या कपाटातून काढल्या. त्या शब्दांप्रमाणे लावलेल्या होत्या. मी तारखेप्रमाणे लावल्या. डिसेंबरचं पाकीट नुसतं फोडून ठेवलं होतं. शब्द बंद झाला होता ना! 'माझी खाट फिरवा, दार दिसत नाहीं.' 'दुपारीं कडी घालूं नका, गाडी दुपारीं येते.' जागेचा रकाना वरून खाली वाचला: पुढची तिण्णै, झोपाळा, भिंतीला टेकून, खाटेवरून, खाटेवरून आडवं पडून, खाटेवरून तीनदा थांबून. पाच महिने माझी आई घरात एकेक पाऊल आत जात होती आणि मी शब्दाखाली रेघा मारत होतो. वहिनी, त्या टेबलावर मी डोकं आपटून घेतलं, शिपायानं धरलं मला.

चौदाला सकाळी मी दारात थांबलो ते तुम्हाला वाटलं चपला काढतोय म्हणून. मी वाट बघत होतो. एवढं होऊनही मूर्खासारखा वाट बघत होतो, तिनं तोंडानं 'ये' म्हणावं म्हणून. तिचं तोंड वाकडं झालेलं, जीभ गेलेली. तिनं तोच डावा हात हलवला.

ती जाईपर्यंतच्या त्या अकरा दिवसांत एक गोष्ट घडली, ती तुम्ही पाहिली नाहीत. तुम्ही नैवेद्याचं बघत होतात. मी रद्द केलेली ती चिठ्ठी खिशात घेऊन आलो होतो. ती तिला वाचून दाखवली. 'गुरू, दार उघडें आहे. आतां ये.' तिनं चिठ्ठी घेतली. तिला मोडी येत असे, बाळबोध नव्हे. तरी ती बघत राहिली. मग तिनं बोट नेमकं त्या लाल अक्षरांवर ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. हे काय, असं. मी म्हणालो, 'कचेरीचा शिक्का आहे, अम्मा.' तिनं मान हलवली आणि चिठ्ठी मुठीत धरली. शेवटीही ती मुठीतच होती. मी सोडवली नाही.

आता एकच विचारायचं आहे. त्याच्यासाठीच हे पत्र. सहा नोव्हेंबरचं माझं ते पत्र तुम्ही तिला वाचून दाखवलं होतंत का? 'हे वाक्य अम्माचं नाही' हे तिनं ऐकलं का? तिनं सात वर्षांनी तोंड उघडलं आणि मुलानं उत्तर दिलं, 'रद्द'. हे मनात घेऊन ती दोन महिने त्या दाराकडे बघत पडली होती का? झोप लागत नाही. तुम्ही म्हणाला होतात विचारू नका. विचारतो. एक अक्षर न बदलता लिहा.

आपला अपराधी,
गुरुराज


तंजावर,
ता. ५ मार्च १९५७

चि. गुरुराजभावोजींस सरोजाचे अनेक आशीर्वाद. या वेळी मनापासून.

आता शपथ सुटली, तेव्हा सगळं लिहिते.

ऑगस्टमध्ये तुमच्या कोऱ्या चिठ्ठ्या आल्या त्याच आठवड्यात अम्मांच्या पायांना सूज आली. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय. अम्मांनी माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. 'गुरूला आजाराचें लिहायचें नाहीं. ये म्हणोन लिहायचें नाहीं. आई मरते म्हणोन आला, तर तो माझ्यासाठीं आला कीं मरणासाठीं?' ह्यांच्याकडूनही तसाच शब्द घेतला. ह्यांनी आयुष्यात आईचा शब्द मोडलेला नाही. मग माझ्याकडे उरल्या तुमच्या चिठ्ठ्या. आजाराचं लिहायचं नाही म्हणाल्या होत्या; जागेचा रकाना भरायचा नाही असं म्हणाल्या नव्हत्या.

चोवीस ऑक्टोबरला, दसरा होऊन दहा दिवस झाले असतील, त्यांनी मला जवळ बोलावलं. 'तूं लिहितेस तें तो स्वतः वाचतो, कीं कचेरींतला दुसरा कोणी?' मी म्हणाले, स्वतः. 'आणि तूं एक अक्षर बदलत नाहींस?' मी म्हणाले, नाही. 'म्हणजे माझ्या तोंडचें तें माझ्या तोंडचेंच जातें?' हो म्हणाले. तशा भिंतीला टेकून नीट बसल्या, पदर सारखा केला, आणि चार माणसांपुढे बोलावं तशा मोठ्यानं बोलल्या. मग म्हणाल्या, 'लिहिलेंस? वाच.' मी वाचलं. 'सरी. घाल टपालांत.'

त्यानंतर रोज विचारायच्या, आलं का उत्तर? दहा नोव्हेंबरला तुमचं पाकीट आलं. मी स्वयंपाकघरात उभ्यानं वाचलं. बाहेरून अम्मा हाक मारत होत्या, 'वाच गो, मोठ्यानें वाच.' मी बाहेर आले. त्यांच्यासमोर बसले. पत्र उघडून डोळ्यांपुढे धरलं.

भावोजी, मी त्यात जे होतं ते वाचलं नाही.

माझ्या वडिलांची मुलगी मी, जन्मात पहिल्यांदा पान एक आणि वाचन एक केलं. तुमच्या नावानं मी एक वाक्य वाचलं. आता ते तुम्हाला पाठवते, कारण ते तुमच्या तोंडी घातलंय आणि तुम्हाला माहीत असायला हवं. ते ऐकून अम्मा म्हणाल्या, 'पोंगल म्हणजे अजून दोन महिने. थांबतें.' तेव्हापासून त्या पोंगलसाठीच राहिल्या. डॉक्टरांनी डिसेंबरातच हात टेकले होते. आणि मी रोज देवापुढे उभी राहून म्हणत होते, आता पोंगल आला की मी अम्मांना काय सांगू? म्हणून तुम्ही दार बंद केल्यावरही मी चिठ्ठ्या धाडत राहिले. तुम्ही चौदाला सकाळी आलात, ऐन पोंगलला, पातेल्यातलं दूध उतू जाताना, तेव्हा मी चुलीपाशी हात जोडले ते दुधासाठी नव्हे.

तुम्ही रद्द लिहिलंत हे अम्मांना कधी कळलं नाही. मुलगा शब्दाप्रमाणे आला, एवढं कळून त्या गेल्या. आता झोपा.

जाताना माझ्या पापाची चिठ्ठी जोडते. ही खोटी आहे. घडवलेली आहे. तुमच्या लाल पेन्सिलीनं जे करायचं ते करा, मी वाईट वाटून घेणार नाही.

शब्द: दार. वाक्य: 'अम्मा, पोंगलला येतो. दार लावू नका.' बोलणार: गुरुराज, वय ३४. जागा: पुणे. ता. १० नोव्हेंबर १९५६.

सरोजा


[पोस्टकार्ड]

पुणे,
ता. १२ मार्च १९५७

ती. सौ. वहिनींच्या सेवेशी शि. सा. न.

चिठ्ठी मिळाली. कचेरीच्या नियमाप्रमाणे ज्याच्या तोंडचं वाक्य आहे त्यानं हरकत घेतली नाही, तर चिठ्ठी बाद करता येत नाही. बोलणाऱ्याला मी स्वतः विचारलं. तो म्हणाला, वाक्य माझंच आहे, वहिनींनी मला सुचायच्या आधी लिहून ठेवलं. 'लावू नका' ऐवजी 'लावूं नको' हवं होतं, अम्माला मी अहो-जाहो कधी केलं नाही. तेवढं एक सुधारून खाली सही केली आहे.

तपासलं. बरोबर.
गुरुराज